स्वहस्ते घडविलेले हत्यार

आगगाडीच्या इंजिनाची लहानशी, परंतु खरोखर वाफेवर चालणारी प्रतिकृती केवळ छंद म्हणून घडविणारे लोक विलायतेत पुष्कळ. त्यांच्यासाठी पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ साली लंडन येथे ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले. ‘एल. बी. एस. सी.’ या टोपणनावाचे एक गृहस्थ १९२० नंतरच्या दशकांत त्यात लिहीत असत. इंजिन कसे करावे एवढेच सांगून ते थांबत नसत. त्याची बारीक छिद्रे नेमक्या मापाची व्हावीत म्हणून लागणारे हत्यारही घरीच कसे करावे, हे ते सांगत. आमच्या पांचाळ ज्ञातीच्या घराघरांतून एके काळी नित्य चालणारे हे काम परमुलखातील छांदिष्टांनी जपावे, याचे आम्हांस कौतुक वाटले आणि थोडे वाईटही वाटले. म्हणून त्याचा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहो.

या हत्यारांस जे पोलाद लागते त्यास इंग्रजीत चांदीचे पोलाद म्हणतात. त्यात चांदी औषधालाही नसते. नाव पडले ते त्याच्या झळाळीवरून. शेकडा सुमारे एक भाग कार्बन, हेच त्याचे सामर्थ्य. छिद्राच्या मापाची कांब घ्यावी, तिचे टोक कानशीने बरोबर निम्मे उतरवावे, म्हणजे आडवा छेद इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा दिसतो. मग टोक लालभडक करून पाण्यात बुडवावे. लोहचुंबक त्यास ओढीनासे झाले की उष्णता पुरेशी झाली असे समजावे. आता टोक काचेसारखे कठीण होते, पण तसेच ठिसूळही. ते घासून लखलखीत करावे व मंद आचेवर पुन्हा तापवावे. सुमारे २३० अंशांवर त्यावर गवती पिवळा रंग चढतो. त्याच क्षणी पुन्हा पाण्यात. रंग निळ्यावर गेला की कठीणपणा फार उतरला, मग धातू कापणारी धार टिकत नाही. आमच्याकडे यासच ‘पाणी देणे’ म्हणतात. आमचे वडील हे काम भर उजेडात कधी करीत नसत, कारण प्रखर उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग डोळ्यांस फसवितो.

परंतु पाणी कितीही निगुतीने दिले तरी मूळ पोलाद एकजीव नसेल तर सारे व्यर्थ. ही अडचण प्रथम नीट ओळखली ती कोणा मोठ्या कारखानदाराने नव्हे, तर इंग्लंडातील डॉन्कास्टर गावच्या बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने. घड्याळाच्या कमानी व स्वतःची बारीक हत्यारे यांसाठी मिळणारे पोलाद त्यास पसंत पडेना. तेव्हाचे पोलाद लोखंडी पट्ट्या कोळशाच्या भुकटीत दिवसेंदिवस तापवून करीत. त्यामुळे कार्बन वरच्या थरात अधिक, आत कमी. हंट्समन शेफील्डजवळ जाऊन राहिला आणि १७४० च्या सुमारास त्याने मातीच्या मुशीत पोलाद पूर्ण वितळवून एकजीव करण्याची रीत साधली. गंमत अशी की, शेफील्डच्या सुऱ्या-कात्र्या करणाऱ्यांनी ते ‘फार कठीण’ म्हणून नाकारले. फ्रेंचांनी मात्र आनंदाने घेतले. आणि त्यांचा माल इंग्लंडात खपू लागला तेव्हा शेफील्डकरांचे डोळे उघडले. हंट्समनने पेटंट घेतले नव्हते. एका लोहकाराने भिकाऱ्याच्या वेषात येऊन ती युक्ती चोरली अशी दंतकथा सांगतात. आम्ही तीस दंतकथाच मानतो.

मुशीतील पोलाद आपल्या देशास मात्र नवे नव्हते. तेलंगणातील कोनसमुद्रम् येथील कारागीर लोखंड बंद मुशीत तापवून पोलाद करीत, आणि ते नेण्यास इराणी व्यापारी येत. युरोपीय लोक त्यास ‘वूट्झ’ म्हणत. मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठविले व १७९५ साली त्यावर तेथे निबंध वाचला गेला. जेम्स स्टोडार्ट हा शस्त्रक्रियेची हत्यारे करणारा कारागीर या पोलादाच्या धारेवर लुब्ध झाला. पुढे त्याने मायकेल फॅरडे यांच्यासह पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले व १८२० साली ते प्रसिद्ध झाले. ज्या मुशींवर विलायतेत निबंध झाले, त्या आपल्याकडे पुढे विझल्या. विलायती पोलाद स्वस्त आले, जंगलाचा कोळसा महागला, आणि मूस चालविणाऱ्यांची मुले दुसऱ्या कामांस लागली.

त्या मुलांस आम्ही दोष कसा द्यावा? आम्ही स्वतः शाळामास्तर झालो. वडील गेल्यावर भाता, ऐरण, सांडशी आणि पेटीभर हत्यारे आम्ही भंगारवाल्यास वजनावर दिली. निवृत्तीनंतर छंद म्हणून एका लहान वाफयंत्राचे काम हाती घेतले, तेव्हा वर सांगितलेले हत्यार करू गेलो. पहिल्यास तडा गेला, दुसरे निळे पडले. तिसऱ्याने पितळेत छिद्र पाडले खरे, पण आमच्या वडिलांनी ते पाहून मान हलविली असती असे वाटत नाही.

भंगारात गेली नाही अशी एकच पटाशी घरात आहे, आणि तीही केवळ दाराला अडसर म्हणून उपयोगी पडत होती म्हणून राहिली. वडिलांनी ती झिजलेल्या कानशीतून घडविली होती. पाठीवर कानशीचे दाते अजून बोटास लागतात.