गंगाराम कांबळेंचा चहा आणि सरकारी केटरिंग

सरकार हॉटेलात काम करायचं शिक्षण देतं, आणि काही ठिकाणी फुकट देतं, हे आता वस्तीतल्या पोरांना माहीत झालंय. पोरं फॉर्म भरतात, सहा-आठ आठवडे जातात, सर्टिफिकेट घेऊन येतात. चांगलं आहे. पोटाला लागणारी कुठलीही विद्या आपल्याला वर्ज्य नाही. पण कार्यकर्त्याने प्रत्येक सरकारी योजनेला तिचा इतिहास विचारला पाहिजे. हा पैसा कधीपासून येतो? कुणासाठी येतो? आणि शिकून तयार झालेल्या हातातलं खाणार कोण? हा तिसरा प्रश्न सरकारी कागदावर कधीच नसतो. आपल्या इतिहासात मात्र तो पहिला आहे.

एक गोष्ट आधी पक्की करू. आपल्याला रांधता-वाढता येत नव्हतं म्हणून आपण हॉटेलाबाहेर नव्हतो. इंग्रजांच्या छावण्या पडल्या तेव्हा आपली माणसं साहेबाच्या बंगल्यात शिरली. गोऱ्याला आपल्या हाताचा विटाळ नव्हता. कोण बटलर झाला, कोण खानसामा, कुणाची बाई आया झाली. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे मेसॉनिक हॉलमध्ये बटलर होते. याच माणसाने १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढलं. १९१० साली यांनीच अस्पृश्यांसाठी लष्कराची आणि पोलिसाची दारं उघडा म्हणून लंडनच्या भारतमंत्र्याकडे अर्ज धाडला. तेव्हा बटलरकी शिकवायची सरकारी शाळा नव्हती, तरी हात तयार होता. साहेबाच्या टेबलावर चालणारा तोच हात बंगल्याच्या फाटकाबाहेर पडला की लगेच विटाळाचा व्हायचा. म्हणजे खोट हातात नव्हती. खोट खाणाराच्या डोक्यात होती.

ही खोट ओळखून पैसा खर्च करणारा आपल्याकडचा राज्यकर्ता म्हणजे कोल्हापूरचे शाहू महाराज. १९०२ साली पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या ते सगळे सांगतात. गंगाराम कांबळेंच्या हॉटेलाची गोष्ट सांगतात ती मात्र गंमत म्हणून. गंमत नाही ती. ते अर्थशास्त्र आहे.

गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत नोकर होते. स्पृश्यांच्या पाण्याला हात लावला म्हणून तिथल्या मराठा नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. मग गंगारामांना सांगितलं, नोकरी सोड, स्वतःचा धंदा कर. पैसे दिले. भाऊसिंगजी रोडवर, शहराच्या भर वस्तीत, हॉटेल निघालं. नाव ठेवलं सत्यसुधारक. कपबशी स्वच्छ, चहा उत्तम, आणि गिऱ्हाईक नाही. महाराच्या हातचा चहा कोण पिणार?

महाराजांनी हुकूम काढून कुणाला चहा प्यायला लावला नाही. फिरायला निघाले की ते गाडी त्या हॉटेलासमोर उभी करायचे, हाक मारून चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या उच्च जातीच्या मंडळींनाही द्यायचे. राजा पितो म्हटल्यावर दरबारी नाही कसं म्हणेल? पुढं गंगारामांना सोडावॉटरचं मशीनही घेऊन दिलं. हे सगळं १९२२ च्या मे महिन्यात महाराज वारले त्याच्या आधीचं.

दोस्तहो, यात काय काय आलं ते मोजा. भांडवल आलं. भर रस्त्यावरची जागा आली. यंत्र आलं. आणि सगळ्यात महागाची गोष्ट, गिऱ्हाईक आलं. राज्यकर्ता स्वतःच गिऱ्हाईक झाला. गंगारामांना चहा करायचं ट्रेनिंग कुणी दिलं नाही. त्यांना त्याची गरजही नव्हती.

आता याच काळातलं उलटं उदाहरण बघा. बाबासाहेबांच्या शिक्षणाला बडोद्याच्या सयाजीरावांनी पैसा दिला. त्या पैशावर ते १९१३ साली अमेरिकेला, कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षणावर झालेला सरकारी खर्च म्हणून याच्याइतका फळलेला खर्च या देशात दुसरा दाखवा. पण १९१७ साली ते करारापोटी बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले तेव्हा त्यांना उतरायला हॉटेल मिळालं नाही. पारशाच्या विश्रामगृहात पारशी नाव सांगून राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी आले आणि त्यांनी बाहेर काढलं. दरबाराने शिक्षण दिलं, हुद्दा दिला, पण गावातलं एक दार उघडून दिलं नाही. कोल्हापूर आणि बडोदा, दोन्हीकडचे राजे सुधारक होते. एकाचा पैसा दारापर्यंत पोचून थांबला. दुसऱ्याचा पैसा दार ओलांडून कपबशीपर्यंत गेला.

आम्हा गिरणीवाल्यांना हा कपबशीचा न्याय चांगला कळतो. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्यांना विणाई खात्यात घेत नसत. तिथं पगार जास्त होता. कारण काय सांगायचे? धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, थुंकी लागते. महाराची थुंकी लागलेला धोटा दुसरा कसा तोंडाला लावील? म्हणून आपण कमी पगाराच्या खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना त्यावर बोलायला लावलं. मागावर चालवायचं कसब आपल्या माणसांना शिकता आलं असतं, पण त्या खात्याचं दारच बंद होतं. बाबासाहेबांना हे पक्कं माहीत होतं. म्हणून १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर त्यांनी सरकारपुढं निवेदन ठेवलं तेव्हा उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला, तंत्रशिक्षणाची सोय मागितली आणि त्याच्या जोडीला नोकऱ्यांतल्या जागाही मागितल्या. १९४४ साली सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती त्याच धडपडीतून आली. शिक्षण आणि जागा ही त्यांच्या हिशेबात एकाच गाडीची दोन चाकं होती.

स्वातंत्र्य आलं. १९५० च्या घटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आला. जातीच्या कारणावरून तिथं कुणाला अडवायचं नाही. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात हॉटेलातली भांडी वापरू न देणं हाही गुन्हा ठरला. कपबशी घटनेत आणि कायद्यात पोचली. पण कायद्याने आपल्याला गिऱ्हाईक म्हणून आत घेतलं. चुलीपाशी कोण उभा राहणार, गल्ल्यावर कोण बसणार, यावर कायदा गप्प राहिला.

याच सुमाराला, १९५४ साली, मुंबईत सरकारच्या पाठबळाने देशातली पहिली केटरिंगची शिक्षणसंस्था निघाली. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराखाली अखिल भारतीय महिला अन्न परिषदेने ती काढली. देशात धान्याची टंचाई होती. पोषण, काटकसर, अन्नाचा नीट वापर हा तेव्हाचा विचार होता आणि हे काम अन्नखात्याकडं होतं. आज ती संस्था दादरला वीर सावरकर मार्गावर आहे, चैत्यभूमीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. १९६० नंतरच्या दशकात दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथंही अशा संस्था झाल्या.

मग १९८२ साल उजाडलं. हे शिक्षण शेती-अन्न खात्याकडून काढून पर्यटन खात्याकडं दिलं गेलं आणि सगळ्या संस्थांवर राष्ट्रीय परिषद बसवली गेली. भुकेल्याच्या ताटाशी असलेलं नातं सुटलं, पाहुण्याच्या टेबलाशी जुळलं. त्याच वर्षी, १८ जानेवारीला, मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. बहुतेकांना पुन्हा मागावर जाता आलं नाही. या दोन घटनांचा एकमेकींशी कागदोपत्री संबंध नाही. पण आज लोअर परळला जाऊन बघा. फिनिक्स मिलच्या जागेवर मॉल आहे, पंचतारांकित हॉटेल आहे. जिथं आजा धोट्याला तोंड लावू शकत नव्हता, तिथं नातू आता कुणाच्या तोंडापुढं ताट ठेवतो, की नुसता फरशी पुसतो? हा प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याला आहे.

२००९-१० साली पर्यटन खात्याने 'हुनर से रोजगार तक' ही योजना काढली. आठवी पास, अठरा ते अठ्ठावीस वयाची पोरं. वाढपाचं सहा आठवडे, स्वयंपाकाचं आठ आठवडे. फी नाही, वर दीड-दोन हजार रुपये. शाळा सुटलेल्या पोराला हे दार मोठं आहे, त्याला नावं ठेवू नका. पण शिडी नीट बघा. एकीकडं तीन वर्षांची पदवी. प्रवेशपरीक्षेत इंग्रजीचा वेगळा भाग. तिथून मॅनेजर निघतो. राखीव जागा तिथं आहेत, पण फी आणि इंग्रजी हे दोन दरवान आहेत. दुसरीकडं सहा आठवडे. तिथून ट्रे उचलणारा निघतो. दोन्हीकडं पैसा सरकारचाच. आपली पोरं कुठल्या पायरीवर जास्त आहेत ते सांगायला मोठा विद्वान लागत नाही, वस्तीत एक चक्कर मारा.

आणि तो जुना प्रश्न संपलाय म्हणता? पुण्यात २०१७ साली एका शास्त्रज्ञ बाईने पोलिसात तक्रार दिली, का तर सोवळ्याच्या स्वयंपाकाला ठेवलेली बाई ब्राह्मण निघाली नाही. उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यातल्या सुखीढांगला २०२१ च्या डिसेंबरात सरकारी शाळेतल्या सवर्ण पोरांनी दलित भोजनमातेच्या हातचं जेवण टाकलं. सरकारने काय केलं? नेमणूक नियमात बसत नाही म्हणून आधी तिलाच काढलं. मग दलित पोरांनीही सवर्ण बाईच्या हातचं जेवायचं नाकारलं. आरडाओरडा झाला, तेव्हा तिला परत घेतलं. शाळा सरकारची, धान्य सरकारचं, पगार सरकारचा, तरी पहिल्या झटक्याला सरकार खाणाराच्या बाजूला गेलं. शाहू महाराज असते तर त्या शाळेत जाऊन पंगतीत बसले असते.

भांडवलाचंही तसंच. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांना पोळ्या लाटायला कुणी शिकवायची गरज नव्हती. सावकाराचं व्याज त्यांना खात होतं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बायांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तेव्हा त्या उभ्या राहिल्या. आपल्यासाठीही १९७८ पासून महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे, १९७९-८० पासून विशेष घटक योजना आहे. पण ट्रेनिंगची फाईल एका खात्यात, कर्जाची दुसऱ्या खात्यात, आणि दोघांची गाठ पडत नाही. कोल्हापुरात दोन्ही फायली एकाच माणसाच्या डोक्यात होत्या.

म्हणून मित्रांनो, नुसतं ट्रेनिंग द्या असा मोर्चा काढून भागणार नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून हातात आहे. जिल्ह्यातल्या केंद्राला लिहून विचारा. अनुसूचित जातीची किती पोरं-पोरी आली? किती पदवीला, किती सहा आठवड्यांना? नोकरी लागली ती स्वयंपाकघरात, टेबलावर, की झाडू-फडक्यावर? वर्षभराने किती टिकली? किती जणांना धंद्याला कर्ज मिळालं? उत्तर आलं की ते छापा. नाही आलं तर तेही छापा.

आणि एक मागणी पुढं ठेवा. मंत्रालय, कलेक्टर कचेरी, कोर्ट, सरकारी दवाखाना, एसटी स्टँड, या सगळ्या ठिकाणी कँटीन आहे. तिथं गिऱ्हाईक सरकारचंच आहे. आमच्या शिकलेल्या पोरापोरींना तिथले ठेके द्या, भांडवलासकट द्या, आणि पाटीवर मालकाचं पूर्ण नाव आडनावासकट लागू द्या. मग साहेबाने तिथं बसून चहा प्यावा, शिपायाला बाहेरून मागवायला पाठवू नये. शंभर वर्षांपूर्वी एका राजाला जे भर रस्त्यात जमलं, ते लोकांच्या सरकारला का जमू नये?

जयभीम.