कोळशाच्या तुकड्यातलं गणित

बरीच वर्षं मी अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवलं. अर्धायुष्याची गणितं आली की मुलं खूश. सूत्र एकच, आकडे घालायचे, गुण हमखास. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, पण हे कोण, कशासाठी मोजतं?" "परीक्षेसाठी!" असं म्हणून मी हशा मिळवला. खरं उत्तर मला पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात सापडलं. तोवर ती मुलगी शिकून निघून गेली होती. ते उत्तर आज आपल्याला सांगतो.

अणूंचं समीकरण म्हणजे जमाखर्चाची वही. दोन्ही बाजूंचा मेळ बसलाच पाहिजे. अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे वातावरणात न्यूट्रॉन सुटतात. असा एक न्यूट्रॉन नायट्रोजनच्या अणूवर आदळतो आणि एक प्रोटॉन बाहेर पडतो. वस्तुमानांक पाहा : नायट्रोजनचा चौदा अधिक न्यूट्रॉनचा एक, झाले पंधरा. पलीकडे प्रोटॉनचा एक, म्हणून उरलेल्याचा चौदा. विद्युतभार : इकडे सात अधिक शून्य, तिकडे प्रोटॉनचा एक, म्हणून उरलेल्याचा सहा. सहा भाराचं मूलद्रव्य म्हणजे कार्बन. हा झाला कार्बन-१४. तो अस्थिर असतो. एक इलेक्ट्रॉन बाहेर टाकून तो पुन्हा नायट्रोजन होतो. तिथेही सहा बरोबर सात वजा एक, असा हिशेब जुळतो.

१९४० साली अमेरिकेत बर्कले इथं मार्टिन केमन आणि सॅम्युअल रूबेन यांनी कार्बन-१४ शोधला. त्याचं घड्याळ केलं ते शिकागोच्या विलर्ड लिबी यांनी. झाड जिवंत असेतो हवेतून हा कार्बन घेत राहतं. झाड तुटलं की आवक बंद, खर्च मात्र चालू. ५७३० वर्षांनी निम्मा उरतो, ११,४६० वर्षांनी पाव. इजिप्तच्या ज्या थडग्यांचा काळ आधीच ठाऊक होता, त्यांतल्या लाकडावर लिबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत पारखली आणि १९४९ साली निष्कर्ष जाहीर केले. १९६० साली लिबींना नोबेल पारितोषिक मिळालं.

नेमक्या याच काळात आपल्याकडे एक कोडं पडलं होतं. संगमनेरजवळच्या जोर्वे इथं १९५०-५१ मध्ये आणि पुढे नेवाशाला उत्खननं झाली. नेवाशाला सातवाहन काळाच्या थरांखाली रंगवलेली मडकी आणि तांब्याच्या वस्तू निघाल्या. ही माणसं सातवाहनांच्या आधीची, एवढं दिसत होतं. पण किती आधीची? नाणं नाही, शिलालेख नाही. साक्षीला होता फक्त चुलीतला कोळसा.

१९६८ पासून शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावचं उत्खनन सुरू झालं. तिथल्या कोळशाची तपासणी मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाली. पुढे ही प्रयोगशाळा अहमदाबादला गेली.

समजा, ताज्या लाकडात शंभर भाग कार्बन-१४ आहे आणि कोळशात पासष्ट उरला. शंभर भागिले पासष्ट, त्याचा लॉगॅरिदम ०.१८७१. दोनचा लॉगॅरिदम ०.३०१०. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की ०.६२१५. म्हणजे अर्धायुष्याचा एवढा भाग उलटला. त्याला ५७३० नं गुणा : सुमारे ३५६० वर्षं. हे उदाहरण माझं. पण इनामगावची वस्ती उत्खननकर्त्यांनी ठरवली ती इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली. सातवाहनांच्याही कितीतरी शतकं आधी घोड नदीच्या काठावर शेतकऱ्यांचं गाव नांदत होतं!

या घड्याळातही चूक होती, हे सांगायला हवं. लिबींनी अर्धायुष्य ५५६८ वर्षं धरलं होतं. त्या आकड्यानं आपलं उत्तर शंभर वर्षांनी कमी येतं. शिवाय हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण सदैव सारखं नव्हतं. म्हणून आता जुन्या झाडांच्या खोडातली वर्तुळं मोजून तारखा दुरुस्त करून घेतात. चूक निघाली म्हणून कोणी घड्याळ फेकून दिलं नाही, ते नीट लावून घेतलं.

इनामगावला लहान मुलांना घराच्याच जमिनीखाली पुरत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि आत ते मूल. अशा मडक्यांपुढे मी उभा होतो, तेव्हा मला ती मागच्या बाकावरची मुलगी आठवली. आपलं मूल गेल्यावरही त्याला घराबाहेर न ठेवणारी आई नेमकी कधी होऊन गेली, हे आपल्याला कळावं, म्हणून हे मोजायचं, बाळ. एवढंच तिला सांगायचं राहून गेलं.