मुठीतला भात : ओनिगिरीचा इतिहास

आजचा विषय लहान आहे, अगदी मुठीत मावेल एवढा. जपानमध्ये ज्याला ओनिगिरी म्हणतात, तो सारण भरलेला भाताचा मुटका. सुशीशी गल्लत करू नका. सुशीच्या भाताला व्हिनेगर लावतात, इथे नुसतं मीठ. 'निगिरु' म्हणजे मुठीत धरणं, दाबणं, त्यावरून ओनिगिरी. आपला मुटकाही मुठीवरूनच आलाय. नाव भातावरून पडलं नाही, हातावरून पडलं. म्हणून मी आज एकच प्रश्न घेऊन आलोय : हा मुटका कोणी, कोणासाठी वळला?

सुरुवात कुठून करायची? इशिकावा प्रांतात 1987 साली उत्खननात जळून कोळसा झालेल्या भाताचा एक गोळा सापडला. यायोई काळातला, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. वर्तमानपत्रांना लगेच 'सर्वांत जुनी ओनिगिरी' सापडली! पुरातत्त्वज्ञ मात्र त्याला चिमाकीसारखा गोळा म्हणतात. चिमाकी म्हणजे पानात गुंडाळून शिजवलेला चिकट भात. तेव्हा तिथून थेट आजच्या ओनिगिरीपर्यंत रेघ ओढायची घाई नको.

लिखित पुरावा जास्त बोलका आहे. हेइआन काळात, सुमारे हजार वर्षांपूर्वी, दरबारात समारंभ असला की खालच्या नोकरचाकरांना 'तोंजिकी' वाटत. अंड्याच्या आकाराचा, दाबून केलेला भात. मुरासाकी शिकिबूच्या 'गेंजी मोनोगातारी'त त्याचा उल्लेख येतो. आता बघा, आत मानकऱ्यांची पंगत आणि बाहेर ताटाशिवाय खाता येईल असा मुटका. पुढे सैनिक, शेतकरी, वाटसरू यांनीही तीच सोय उचलली.

मग सारण का आलं? चवीसाठी, हे खरंच, पण टिकण्यासाठीही. सगळ्यांत ओळखीचं सारण उमेबोशीचं. उमे नावाचं आंबट फळ मिठात मुरवायचं आणि उन्हात वाळवायचं. ते इतकं खारट-आंबट की आसपासचा भात लवकर बिघडत नाही. खारवलेला सामन मासा, वाळवलेल्या बोनिटो माशाचा सोया सॉसमध्ये भिजवलेला कीस, हीसुद्धा टिकाऊ सारणंच. आणि समुद्रशेवाळाचे कागदासारखे पातळ पापुद्रे, म्हणजे नोरी, एदो काळात तयार होऊ लागले. त्यामुळे चिकट भात बोटांना न लागता धरता यायला लागला.

आता 1889 साल. यामागाता प्रांतातलं त्सुरुओका गाव. तिथल्या दाइतोकुजी या बौद्ध मंदिरातल्या शाळेत गरिबांची मुलं डबा न घेता येत. त्यांना दुपारी ओनिगिरी, खारवलेला मासा आणि लोणचं द्यायला सुरुवात झाली. जपानमध्ये शालेय भोजनाची सुरुवात इथूनच मानतात. दरबाराबाहेर नोकराला मिळणारा मुटका इथे मुलाच्या हक्काच्या जेवणाकडे वळला. माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण हेच.

दुसरं वळण दुकानाचं. 1970च्या दशकात सेव्हन-इलेव्हनने ओनिगिरी विकायचं ठरवलं, तेव्हा 'घरी आई करते ते विकत कोण घेणार?' असा आक्षेप होता. 1978मध्ये नोरी आणि भात यांच्यामध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून, खाताना नोरी कुरकुरीत राहील अशी सोय झाली. 1983मध्ये ट्युना-मेयोनीजचं सारण आलं. लोकांनी भरभरून घेतलं. घरच्या हाताची जागा यंत्राने घेतली, पण यंत्रालाही भात हलकेच दाबायला शिकावं लागलं!

कारण सगळी मेख त्या दाबण्यात आहे. घरी करणार असाल तर बासमती नको, मोकळा होतो. जपानी तांदूळ मिळाला तर उत्तमच, नाहीतर आपला इंद्रायणी चालेल. भात गरम असतानाच घ्या. हात ओले करा, तळव्याला मीठ चोळा, भात घेऊन मध्ये खळगा करा. त्यात चमचाभर सारण, कोरडंच हवं. रस सुटला की मुटका फुटतो. वरून भात झाकून, फिरवत फिरवत तीन-चारदा दाबा, त्रिकोण होईल. जोर लावलात तर लगदा होतो. बाहेरून धरून राहील आणि तोंडात सुटेल, एवढाच दाब. नोरी खायच्या वेळी गुंडाळा.

शेवटचा मुद्दा. याच पदार्थाचं दुसरं नाव 'ओमुसुबी'. 'मुसुबु' म्हणजे बांधणं, जोडणं. 17 जानेवारी 1995च्या पहाटे कोबे परिसरात भूकंप झाला, सहा हजारांहून अधिक माणसं गेली. गॅस बंद, पाणी बंद. तेव्हा स्वयंसेवकांनी मुटके वळून वाटले. ना ताट लागतं, ना चमचा, ना चूल. त्या आठवणीसाठी जपानमध्ये 17 जानेवारी हा 'ओमुसुबी दिन' पाळतात.

दरबारात तोंजिकी वाटली गेली ती पायरी दाखवून. कोबेत वाटणारा आणि घेणारा एकाच मोडक्या रस्त्यावर उभे होते. मुटका तोच, देण्याची रीत बदलली. पदार्थांचा इतिहास वाचताना पाककृतीबरोबर ही रीतही तपासावी, एवढंच मला सांगायचं होतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.