भोकरदनचे हस्तिदंती शिल्प

भोकरदनचे हस्तिदंती शिल्प हे महाराष्ट्राच्या जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे १९७३ च्या उत्खननात सापडलेले सातवाहनकालीन स्त्रीशिल्प आहे. इटलीतील ‘पाँपेई लक्ष्मी’ या मूर्तीशी असलेल्या साम्यामुळे ते अभ्यासकांच्या चर्चेत आले.

पार्श्वभूमी

भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. केळणा नदीकाठचे हे नगर पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावर होते. सांची व भारहूत येथील स्तूपांवरील दानलेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांचा उल्लेख आढळतो.

पाँपेईची मूर्ती

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात पाँपेई नगर गाडले गेले. तेथे १९३८ मध्ये सुमारे २५ सें.मी. उंचीची भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली. ती आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. मूर्तीच्या डोक्यावरील छिद्रावरून ती आरशाची मूठ असावी, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार ती लहान मेजाचा पाय असावी.

ओळखीचा प्रश्न

आरंभी ही मूर्ती लक्ष्मीची व मथुरेत घडलेली मानली गेली. मात्र दोन्ही बाजूंच्या सेविकांजवळ प्रसाधनाची पात्रे असल्याने ती यक्षी असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. भोकरदन व तेर येथील तशाच शैलीच्या शिल्पांमुळे तिचे मूळ दख्खनमध्ये शोधले जाऊ लागले. तळाशी खरोष्ठी अक्षर असल्याने वायव्य भारताशीही तिचा संबंध जोडला जातो.

आरसा आणि स्वप्रतिमा

प्राचीन आरसा म्हणजे घासून चकाकी आणलेली धातूची तबकडी. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यातील शृंगारचित्रातही स्त्रीच्या हाती असा आरसा दिसतो. मुठीवर स्त्रीची आदर्श प्रतिमा कोरलेली असल्यास, आरशात पाहणारीला स्वतःचा चेहरा आणि तो आदर्श एकाच वेळी दिसे. चेहरा मात्र आरशात टिकत नसे. कोरलेली प्रतिमा तेवढी मागे उरे.

छायाचित्रणाने ही स्थिती पालटली. १८३९ मध्ये रॉबर्ट कॉर्नेलियस यांनी फिलाडेल्फियात स्वतःचे छायाचित्र टिपले, तर २०१३ मध्ये ऑक्सफर्ड शब्दकोशाने ‘सेल्फी’ हा वर्षाचा शब्द ठरवला. सेल्फीत चेहरा टिकतो आणि समाजमाध्यमांवरून अनोळखी लोकांपर्यंतही पोहोचतो. फिल्टरमुळे आदर्शही मुठीवर न राहता थेट चेहऱ्यावर चढतो. पाँपेईच्या मूर्तीचे नाव, मूळ गाव व उपयोग पाहणाऱ्यांनी ठरवले. स्वतःहून प्रसारित केलेल्या चेहऱ्याचा अर्थही बऱ्याच अंशी पाहणारेच ठरवतात.