कारणाचा रकाना

अमली पदार्थांचे कायदे हा विषय काढला की श्रोत्यांमध्ये लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, शिक्षा वाढवा. दुसरा म्हणतो, मोकळं सोडा. त्या भांडणात शिरण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा असं मला वाटतं. अमुक पदार्थानं माणसाचं इतकं नुकसान होतं, हे सरकारदरबारी ठरवलं कुणी, आणि कसं?

आपल्याकडे या प्रश्नाचा सगळ्यात कसून शोध घेतला गेला तो १८९३-९४ मध्ये. म्हणजे टिळक पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव उभा करत होते, त्याच काळात. २ मार्च १८९३ रोजी विल्यम केन नावाच्या खासदारानं ब्रिटिश पार्लमेंटात गांजाचा प्रश्न उपस्थित केला. केन हे मद्यपानविरोधी चळवळीतले कट्टर गृहस्थ. गांजामुळे हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं भरून गेली आहेत, ही त्या काळात अनेकांची पक्की समजूत होती. सरकारनं चौकशीसाठी आयोग नेमला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग, एकूण सदस्य सात, त्यांत तीन हिंदी. त्यांनी देशभर फिरून ११९३ साक्षी नोंदवल्या: सिव्हिल सर्जन, कलेक्टर, वैद्य, शेतकरी, दुकानदार, साधू. आपल्या मुंबई इलाख्यातूनही साक्षी गेल्या.

पण मला या अहवालात सगळ्यात मोलाचा वाटतो तो इस्पितळांच्या दप्तराचा भाग.

बघा, पद्धत अशी होती. एखादा माणूस रस्त्यावर बडबडत फिरताना सापडला, की पोलीस त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचे. तिथून त्याला कागदांसह इस्पितळात पाठवलं जायचं. कुलाबा, पुणे, रत्नागिरी, जिथे असेल तिथे. कागदांत एक छापील तक्ता असायचा आणि त्यात एक रकाना होता, ‘वेडाचे कारण’. आता त्या बिचाऱ्या शिपायाला काय ठाऊक? माणूस अनोळखी, नातेवाईक नाहीत. रकाना मोकळा सोडला तर कागद परत येणार, वर कामचुकार म्हणून बोलणी बसणार. मग लिहा ‘गांजा’. संन्याशासारखा वेष असेल तर विचारायलाच नको. इस्पितळातला डॉक्टर तेच आपल्या रजिस्टरात उतरवून घ्यायचा, वर्षअखेरीला बेरीज व्हायची, ती सरकारी अहवालात छापली जायची, आणि मग कुणीतरी ती बेरीज पुरावा म्हणून पुढे करायचा. आपल्याकडचं ऑफिस ज्यांनी आतून पाहिलं आहे त्यांना हे नवीन वाटणार नाही.

आयोगानं काय केलं? १८९२ या एका वर्षातले सगळे दाखले काढले. एकूण १३४४ रुग्ण. त्यांपैकी २२२ जणांपुढे गांजा-भांग-चरस हे कारण लिहिलेलं. त्या प्रत्येकाची पुन्हा चौकशी केली: गावी जाऊन, घरच्यांना विचारून, शक्य तिथे रुग्णाला भेटून. शेवटी उरले ९८. त्यातही दुसरं कुठलंही कारण जोडीला नाही असे ६१. डॉक्टरांपैकी कित्येकांनी साक्षीत कबूल केलं की आपण कारण कधी तपासलंच नव्हतं.

यावरून आयोगानं निष्कर्ष काढला, की माफक सेवनानं सहसा मोठी हानी होत नाही, अतिरेकानं होते, आणि अतिरेक करणारे थोडे. सरसकट बंदी घातली तर लोक दारूकडे किंवा धोत्र्यासारख्या विषाकडे वळतील. म्हणून लागवडीवर ताबा ठेवा, परवाने द्या, दुकानं मोजकी ठेवा, एका वेळी किती विकायचं याला मर्यादा घाला, आणि कर वाढवा.

‘कर वाढवा’ हेही ऐकून ठेवा. हा आयोग काही संतांचा नव्हता. अबकारी हे सरकारचं भरवशाचं उत्पन्न होतं, आणि बंदी नको हा निष्कर्ष तिजोरीला सोयीचाच होता. राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद या दोन हिंदी सदस्यांनी बहुमताशी असहमती लिहून दिली. त्याच वर्षी अफूसाठीही वेगळा रॉयल कमिशन नेमला गेला. मुंबई बंदरातून चीनला गेलेल्या माळव्याच्या अफूवर या शहरातली किती घराणी उभी राहिली हे आपण जाणतो. त्या कमिशननंही अफूला फारसा दोष दिला नाही. तेव्हा हेतूबद्दल शंका घ्यायला भरपूर जागा आहे. मात्र त्या २२२ जणांची पडताळणी कुणीतरी केली, ती नोंद आजही वाचता येते, आणि तिच्याशी वाद घालता येतो. माझ्या दृष्टीनं हे महत्त्वाचं.

आता एकदम पुढे येऊ. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारतासारख्या देशांना गांजाचा पारंपरिक वापर बंद करायला २५ वर्षांची मुदत मिळाली. भांग, म्हणजे पानं, त्यातून वगळली गेली. मुदत संपत आली तेव्हा, १९८५ च्या ऑगस्टअखेरीला, एनडीपीएसचं विधेयक लोकसभेत आलं, सप्टेंबरच्या मध्याला राष्ट्रपतींची सही झाली, १४ नोव्हेंबरला कायदा लागू. तीन-साडेतीन आठवड्यांत दोन्ही सभागृहं पार. ११९३ साक्षींच्या देशात!

भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. मुंबई-पुण्यात तेव्हा ब्राऊन शुगर शिरली होती. मराठीत तिला ‘गर्द’ नाव पडलं आणि ओढणाऱ्याला ‘गर्दुल्ला’. या शब्दात एक तुच्छता आहे, ती आपण फार सहज वापरतो. अनिल अवचटांचं ‘गर्द’ त्याच काळातलं, आणि १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीनं मुक्तांगण सुरू केलं तेही त्यातूनच. आजारी म्हणून त्या मुलांकडे बघणारे लोक होते. कायदा मात्र वजनकाटा घेऊन बसला. चरस पाच ग्रॅमपर्यंत आणि स्वतःपुरती आहे हे आरोपीनंच सिद्ध केलं, तर सहा महिने. त्याच्या वर किमान दहा वर्षं. गोव्यात एका परदेशी माणसाकडे चरसचे दोन तुकडे सापडले, एक सात ग्रॅमचा, एक पाचचा. दहा वर्षं शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयात १९९३ मध्ये ती उतरली, कारण प्रयोगशाळेत एकच तुकडा गेला होता आणि तो पाच ग्रॅमच्या आत भरला. मोठ्या व्यापाऱ्याला आणि सवय लागलेल्या पोराला जवळपास एकाच तागडीत घालणारी ही रचना २००१ मध्ये कुठे सैल झाली.

मणिपूरमध्ये याच्या जोडीला सुया आल्या. १९८९-९० च्या सुमारास काही महिन्यांत तिथल्या सुईनं हेरॉईन घेणाऱ्यांत एचआयव्हीचं प्रमाण निम्म्याच्या आसपास गेलं. दुकानात सुई मागितली तर संशय, जवळ सापडली तर पोलीस. मग एकच सुई चौघांत. पुढे स्वच्छ सुया वाटणं आणि जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देणं हे संस्थांनी सुरू केलं, आणि नंतर तेच सरकारच्या एड्स कार्यक्रमाचा भाग झालं.

सगळ्यात मोठी किंमत ज्यांनी मोजली, त्यांनी कधी नशा केलीच नव्हती. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या वेदनेवर मॉर्फिन हे स्वस्त आणि खात्रीचं औषध. ते अफूपासून निघतं, आणि अफू आपल्याच मंदसौर-नीमचला पिकते, सरकारी परवान्यानं, निर्यातही होते. पण १९८५ नंतर इस्पितळाला मॉर्फिन ठेवायचं तर राज्यागणिक वेगळे नियम, अबकारी खात्याचा एक परवाना, औषध खात्याचा दुसरा, असे चार-पाच परवाने, आणि सगळे एकाच वेळी चालू असायला हवेत. चूक झाली तर किमान दहा वर्षांचा कायदा डोक्यावर. दवाखान्यांनी साहजिकच नाद सोडला. बारा वर्षांत देशातला वैद्यकीय मॉर्फिनचा वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. वांद्र्याला १९८६ मध्ये देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना, सुरू झालं, केरळात डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉर्फिनसाठी वर्षानुवर्षं सचिवालयाचे उंबरे झिजवले. वेदनेनं तळमळणारा रुग्ण कुठल्याच तक्त्यात नव्हता, त्याला रकानाच नव्हता.

२०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं या कायद्यातली सक्तीची फाशी घटनाबाह्य ठरवून न्यायाधीशांना पर्याय खुला केला. २०१४ च्या दुरुस्तीनं मॉर्फिनसारखी औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली, नियम केंद्राकडे आले आणि अनेक परवान्यांच्या जागी एकच मान्यता पुरेशी झाली. आता तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरला ही मान्यता घ्यायची तर अर्ज राज्याच्या औषध नियंत्रकाकडे करायचा असतो. आपल्यापैकी कुणाच्या घरी असा रुग्ण असेल, तर डॉक्टरांना हे आवर्जून विचारा: मान्यता घेतली आहे का?