फोर्ट गिब्सनचे दोन तह आणि क्रीक-चेरोकी सीमा

क्रीक व चेरोकी या मूळनिवासी राष्ट्रांमधील सीमावाद म्हणजे केवळ पूर्वापार वैराचा परिणाम, असे मानणे सोपे असले तरी यथार्थ नाही. पूर्वेकडे त्यांच्यात लढाया झाल्या हे खरे. पण तेथील सीमा त्यांनी १८२१ मध्ये परस्परांत करार करून ठरविली होती. पश्चिमेकडे उद्भवलेल्या वादाचे मूळ मात्र वॉशिंग्टनच्या दप्तरातच शोधले पाहिजे.

विल्यम मॅकिन्टॉश याने १८२५ मध्ये राष्ट्राच्या संमतीवाचून भूमी विकली, म्हणून क्रीकांनी त्यास देहान्त शासन केले. १८२६ च्या तहाने त्याच्या अनुयायांना पश्चिमेस जमीन निवडण्याची मुभा मिळाली. त्यांची पहिली तुकडी फेब्रुवारी १८२८ मध्ये फोर्ट गिब्सनजवळ पोहोचली आणि व्हर्डिग्रिस व अर्कान्सा या नद्यांच्या संगमाजवळ वसली. पुढे तीनच महिन्यांत, ६ मे १८२८ रोजी, सरकारने पश्चिमेकडील चेरोकींना ७० लाख एकर भूमी देणारा तह केला. त्यातच क्रीकांची ही नवी वसाहत येत होती!

हा घोळ निस्तरण्याचे काम माँटफर्ट स्टोक्स, हेन्री एल्सवर्थ व जॉन शर्मरहॉर्न या आयुक्तांकडे आले. पूर्वेकडील लोकांना हलवावयाचे तर पश्चिमेची भूमी निर्वेध हवी, हा सरकारचा हेतू स्पष्ट होता. (१८३५ चा न्यू एकोटाचा कुप्रसिद्ध तह घडवून आणणारा शर्मरहॉर्न तो हाच.) १४ फेब्रुवारी १८३३ रोजी फोर्ट गिब्सन येथे दोन्ही राष्ट्रांशी स्वतंत्र तह झाले, त्यांतील सीमावर्णन मात्र एकमेकांशी जुळते.

हे वर्णन बारकाईने पाहण्यासारखे आहे. अर्कान्सा प्रदेशाची जुनी पश्चिम सीमा ज्या ठिकाणी अर्कान्सा नदी ओलांडते, तेथून २५ मैल उत्तरेस रेषेचा आरंभ होतो. ती दक्षिणेस व्हर्डिग्रिसपर्यंत येते व त्या नदीने अर्कान्सास मिळते. पुढे ग्रँड नदीच्या मुखासमोरून दक्षिणेपासून ४४ अंश पश्चिमेकडे एक मैल जाऊन, तेथून नॉर्थ फोर्कच्या मुखाच्या उत्तरेस चार मैलांवरील बिंदूकडे सरळ वळते. कागदावर पट्टी ठेवून आखलेल्या रेषेला असे बाक नसतात. प्रत्यक्ष वसाहती, नदीकाठ आणि उभय पक्षांचा आग्रह यांच्याशी जुळवून घेतल्याची ही खूण मानावी लागते. क्रीकांच्या वतीने रोली मॅकिन्टॉश आणि चेरोकींच्या वतीने जॉन जॉली हे या वाटाघाटींत प्रमुख होते. परंतु वादग्रस्त भूमी दोघांना देणाऱ्या सरकारला या तडजोडीत स्वतःचे काहीच गमवावे लागले नाही.

१८६६ मध्ये क्रीकांना आपल्या मुलखाचा पश्चिमार्ध सोडावा लागला. चेरोकींशी असलेली पूर्वसीमा त्या तहाने ढळली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मॅकगर्ट खटल्यात क्रीकांचे राखीव क्षेत्र अद्याप अस्तित्वात असल्याचा निर्णय दिला, तेव्हा १८३३ च्या तहाचा आधार घेतला. आज टल्सा शहराचा मोठा भाग क्रीकांच्या व उत्तरेकडील काही भाग चेरोकींच्या हद्दीत मोडतो.