जलद मार्गिका (पुणे मेट्रो)

जलद मार्गिका : मोजक्याच स्थानकांवर थांबणाऱ्या गाड्यांसाठीचे स्वतंत्र रूळ. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत १९०४ पासून चार रुळांची सोय आहे. मुंबईच्या लोकलमध्ये ‘स्लो’ आणि ‘फास्ट’ हा भेद रोजचाच.

६ मार्च २०२२ रोजी सुरू झालेल्या पुणे मेट्रोत मात्र जाण्याचा एक आणि येण्याचा एक असे दोनच रूळ आहेत. त्यांवर जलद गाडी सोडली, तर ती पुढच्या गाडीमागे अडकणार. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट हे अंतर सुमारे १७ किमी, स्थानके १४. थांबे गाळून वाचणारी मिनिटे थोडीच.

खर्च मात्र मोठा. शिवाजीनगरपासून पुढे जुळे बोगदे कसबा पेठ, मंडईच्या दाट वस्तीखालून स्वारगेटला पोहोचतात; जादा रुळांसाठी तिथे आणखी खोदकाम करावे लागले असते.